मानाची खुंटी

कॉलेजात मातीचं मैदान होतं आणि कपडेसुद्धा एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट बघा.

मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या जर्स्या धुऊन दोरीवर वाळत होत्या. ठरलं होतं असं, की त्यांतली एक मानाच्या खुंटीला टांगायची आणि तो नंबर पुन्हा कुणी घालायचा नाही.

"मीच ती," नऊ नंबर म्हणाली. शरयू खोत तिला घालून खेळायची, आणि शरयूइतके बास्केट कुणीच केले नव्हते.

"अगं, लोक लाजसुद्धा खुंटीलाच टांगतात," चार नंबर हसली.

नऊ चिडली. "जळू नकोस. तुझी मुमताज तर फायनलला शेवटी बाकावर बसून होती."

खाली म्हातारा चेंडू पडला होता. "का बसली होती गं?" त्यानं सावकाश विचारलं.

नऊला ती फायनल आठवली. ऐन सामन्यात ती खांद्यावर टरकन फाटली होती. फाटक्या जर्सीनं शरयूला कुणी खेळू देईना. तेव्हा मुमताजनं आडोशाला जाऊन आपली चार नंबर काढून तिला दिली, आणि स्वतः ओढणी पांघरून बाकावर बसली. जिंकून देणारा बास्केट शरयूनं चार नंबर घालूनच केला होता.

नऊनं आपला शिवलेला खांदा वाऱ्यावर हलवला. मग म्हणाली, "चारताई, खुंटी तुझीच."

"आणि तू गं?"

"मला लवकर वाळू दे. सकाळी सरावाला नवी पोर येणार आहे."