पाव भिजेपर्यंत

“बाई, हे तव्यात टाकले की का फुटतात?”

तबिताबाईंनी मान वर केली नाही. त्या विळीवर काकडी चिरत होत्या. चकत्या इतक्या पातळ की पलीकडचं दिसावं.

“बाई...”

“ऐकलं मी.”

शमुवेल भिंगारदिवे झारा हातात धरून उभा राहिला. खोलगट तव्यात लोण्यावर खिम्याचे गोळे होते. निम्मे शाबूत, निम्म्यांचा भुगा.

उत्तरासाठी असं ताटकळायची त्याला सवय नव्हती. नगरच्या त्यांच्या चर्चमधल्या नाताळच्या जेवणाला शमुवेलचा हात लागला नाही, तर लोक म्हणत, यंदा सण झालाच नाही. त्याला कुणी स्वयंपाकातलं काही सांगू गेलं, तर तो ऐकून घेई, हसे आणि आपल्याच मनाचं करी. तोच शमुवेल आज सकाळी खिमा, लोणी आणि सायीचं पातेलं सांभाळत एसटीने डोंगरगणच्या अलीकडे उतरला होता, आणि माळावरच्या या दोन खोल्यांच्या घरात आला होता.

तबिताबाई तरुणपणी नर्स म्हणून स्वीडनला गेल्या. तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा केली, पुढे तिथलंच स्वयंपाकघर सांभाळलं. स्वतःला म्हातारपण आलं तेव्हा परतल्या. लोक त्यांच्याकडे येत. कुणी प्रार्थनेसाठी, कुणी घरातला तंटा घेऊन. बाई बोलत थोडं. पुष्कळदा नुसतं जेवू घालत, आणि माणूस आपसूक उठून घरी जाई.

“स्वीडिश मीटबॉल शिकायचेत,” शमुवेलने आल्या आल्या सांगितलं होतं. “म्हणजे गोळे मला येतात. तिकडची पद्धत तेवढी सांगा.”

“येतात ना? मग कर.”

म्हणून त्याने केले होते. आणि ते फुटले होते.

बाईंनी काकडीवर साखर आणि व्हिनेगर घातलं, हात धुतले, तव्यातला एक शाबूत गोळा उचलून तोंडात टाकला. सावकाश चावला.

“कोफ्ता चांगला झालाय.”

“कोफ्ता नाही हो बाई. जरा आलं-लसूण घातलं, मिरची घातली. ते लोक फार अळणी खातात. म्हटलं, थोडं सुधारावं...”

“त्यांनी सांगितलं होतं, सुधार म्हणून?”

शमुवेल झाऱ्याने भुगा एका कडेला ओढू लागला.

बाईंनी उरलेला खिमा त्याच्यापुढे सरकवला. शिळ्या पावाचा तुकडा आणि वाटीभर दूध ठेवलं.

“पाव कुस्करून भिजव. मग खिम्यात घाल. फुटणार नाहीत.”

“किती वेळ भिजवू?”

“भिजेपर्यंत.”

“तरी अंदाजे...”

“बस त्याच्यासमोर.”

चार-चार चुली एकदम सांभाळणारा माणूस स्टुलावर बसून वाटीकडे बघू लागला. पावाच्या कडा अजून कोरड्या होत्या. त्याने बोटाने दाबून पाहिलं.

“बोट नको लावूस.”

बाहेर माळावर ऊन रखरखत होतं. एक कोंबडी उंबऱ्यापर्यंत आली, आत डोकावली आणि गेली.

“कोण येणार आहे?” बाईंनी विचारलं.

“पाहुणे. उद्या दुपारी.”

“पाहुण्यांना नाव असतं.”

“रूथ,” शमुवेल म्हणाला. “आणि तिचा नवरा. अँडर्स नाव आहे त्याचं.”

बाईंनी काकडीचा वाडगा झाकला.

“मुलगी माझी.”

“ठाऊक आहे.”

सगळ्यांनाच ठाऊक होतं. रूथ शिकायला स्वीडनला गेली आणि तिथल्या मुलाशी लग्न ठरवून बसली. इकडे शमुवेलने संगमनेरच्या एका घरी शब्द देऊन ठेवला होता. रूथने आईवडिलांना तिकिटं पाठवली. याने बायकोलाही जाऊ दिलं नाही. लग्नाच्या दिवशी चर्चच्या आवारात कुणीसं विचारलं, तेव्हा म्हणाला, “मला मुलगी नाही.” मार्था, त्याची बायको, शेजारीच उभी होती.

पुढे मार्था गेली. रूथ मातीला आली. कबरीच्या त्या बाजूला लेक, या बाजूला बाप. मूठमूठ माती टाकून दोघं दोन वाटांनी गेले.

आणि परवा फोन आला. “बाबा, आम्ही नगरला येतोय. रविवारी... जेवायला येऊ का?”

“ये,” तो म्हणाला होता. आणि फोन ठेवला होता.

यातलं बाईंना त्याने काहीच सांगितलं नाही. वाटीत पाव दूध पिऊन फुगला होता. चुरा कुठला आणि दूध कुठलं, आता सांगता आलं नसतं.

“झाला,” शमुवेल म्हणाला.

“मग मला काय सांगतोस?”

या खेपेला त्याने मसाल्याच्या डब्याला हात लावला नाही. लोण्यावर परतलेला कांदा, अंडं, मीठ, मिरपूड आणि बाईंनी दिलेली ऑलस्पाइस नावाच्या तिकडच्या मसाल्याची चिमूट. ओल्या हाताने लहान लहान गोळे वळले, तव्यात सोडले.

“झारा ठेव खाली,” बाई म्हणाल्या. “तवा हलव.”

त्याने तवा हलवला. गोळे आपल्या आपण लोळू लागले, चहूबाजूंनी तांबूस झाले. एकही फुटला नाही. शमुवेलच्या चेहऱ्यावर जुना शमुवेल परत आला. गोळे काढून ठेवून त्याने त्याच लोण्यात मैदा भाजला, मटणाचं पाणी ओतलं आणि खळखळ उकळत्या रश्शात वाटीभर साय एकदम ओतली.

साय फाटली.

पांढऱ्या कण्या आणि वर तूप... तो बघतच राहिला. मग चिमट्याने तवा उचलून मोरीकडे निघाला.

बाईंनी आपली ताटली पुढे धरली.

“फाटलंय, बाई.”

“दिसतंय.”

“टाकून देतो. दुसरं करतो.”

ताटली हलली नाही. शेवटी त्याने वाढलं. बाईंनी पावाचा तुकडा मोडला, फाटलेल्या सायीत बुडवला आणि खाल्ला. दुसरा मोडला. तोही खाल्ला.

“हे... का खाताय तुम्ही?”

“भूक लागलीय.”

शमुवेल खाली बसला.

“उद्या असंच झालं तर?” त्याने विचारलं.

“तर?”

“तर ती काय म्हणेल...”

“सायीबद्दल?”

खांद्यावरचा पंचा शमुवेलने तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. बाई खात राहिल्या. त्यांनी ना पाणी दिलं, ना पाठीवरून हात फिरवला.

मग तो उठला. तवा घासला. पुन्हा लोणी, पुन्हा मैदा, पुन्हा मटणाचं पाणी. विस्तव मंद केला. उरलेल्या सायीत थोडा कोमट रस्सा कालवला आणि चमचा चमचा करत ती सोडली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही. रस्सा दाट, मऊ, फिक्या बदामी रंगाचा झाला. गोळे त्यात सोडून त्याने तवा खाली उतरवला.

“बघा बरं चाखून.”

“माझं पोट भरलंय.”

त्याने स्वतःही चाखलं नाही. वासावरून कळत होतं.

बाईंनी फळीवरून करवंदांच्या मुरंब्याची बाटली काढली. “तिकडे याच्याबरोबर रानातल्या लाल फळांचा मुरंबा लागतो. ती इथे मिळत नाहीत. हा ने. बटाटे उकडून कुस्कर, लोणी घाल. काकडी सकाळी ताजी कर.”

शमुवेलने बाटली पिशवीत ठेवली. पायात चपला घातल्या. उंबऱ्यात थांबला.

“बाई, खरं सांगू का? मला वाटलं होतं, तिच्या सासरचं जेवण त्यांच्याहून चांगलं करून समोर ठेवलं, की आपल्याला काही बोलावं लागणार नाही.”

बाई ताटली धुवत होत्या.

“आता वाटतं, बोलावं लागेल. मघापासून तेच जुळवतोय. आधी तिच्या आईचं बोलू... की सरळ चुकलो म्हणू... की त्याच्याशी आधी बोलू, जावयाशी... मला इंग्रजीही धड येत नाही.”

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“ताट समोर ठेवताना तिला काय म्हणू, बाई?”

तबिताबाईंनी ताटली पुसली, पालथी घातली.

“म्हणावं, गरम आहे. फुंकून खा.”