गवताची दोरी

फार पूर्वी गांधार देशात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरपायथ्याच्या एका गावी, खेचरे शिकवणाऱ्यांच्या घरात जन्माला आला होता. कोवळ्या खेचराला आधी माणसाच्या हाताची सवय लावायची, मग पाठीवर रिकामे खोगीर, मग हलकी गोणी आणि शेवटी डोंगराची वाट, असे त्याचे काम. खेचराची जात म्हणजे हट्टाचा कळस; पण त्याच्या हाताखालून गेलेले खेचर कड्यावरसुद्धा अंगणात फिरावे तसे चाले.

त्याचा भाचा पिंगल त्याच्याजवळ हे काम शिकत होता. चांगला पंचविशीचा गडी, कामाला वाघ. पण बुडाखाली जणू निखारे! एका जागी घटकाभर बसेल तर शपथ.

त्या वर्षी तर त्याला घाईचे कारणच मिळाले. त्याची थोरली बहीण सोमा खिंडीपलीकडच्या गावी दिली होती. तिकडे गारपीट झाली आणि उभे पीक आडवे झाले. तिचा निरोप आला, "पेरायला जव पाठवा. बर्फाने खिंड बंद झाली तर पेरणी हुकेल, आणि आम्हाला गाव सोडून दारोदार फिरावं लागेल." गावात जव होते, पण वाहायचे कशावर? जाणती खेचरे राजाने स्वारीसाठी नेलेली. मागे उरली होती चार कोवळी, ओझे म्हणजे काय ते ठाऊक नसलेली.

बोधिसत्त्वाने त्यांना शिकवायला घेतले. डोंगरात खेचरे एकामागे एक बांधून नेतात. बोधिसत्त्व दोघांच्या मध्ये मुद्दाम गवताची दोरी बांधी. जरा हिसका बसला की ती तट्‌कन तुटे. मग थांबायचे, बिथरलेल्याला चुचकारायचे, पुन्हा बांधायचे. दहा पावले गेली की पुन्हा तट्! पिंगलच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"मामा, घरात चांगलं चऱ्हाट पडलंय. हे गवत कशाला?"

"तुटावी म्हणूनच बांधतो मी ती," बोधिसत्त्व म्हणाला. "कड्यावर एखाद्याचा पाय घसरला तर त्याला आपला तोल आपण सावरू दे. पुढचे मागचे ओढायला लागले, की उठणारासुद्धा पडतो."

"आणि तिकडे ताईनं काय करायचं?"

"ती माझीही भाचीच आहे रे."

पण पिंगलचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज उठल्याबरोबर तो शिखराकडे बघे, तो बर्फ आणखी खाली उतरलेला! "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," असे मामाने चिडवले, तेव्हा त्याला हसूही आले नाही.

अखेर निघायचा दिवस ठरला. पहाटे खेचरे बांधण्याचे काम पिंगलकडे होते. त्याने मध्ये चऱ्हाट घातले आणि दिसू नये म्हणून वरून गवत गुंडाळले. कोण बघतोय उकलून! उलट आपल्याला हे आधीच कसे सुचले नाही, असे त्याला वाटले.

चढाच्या वाटेवर दोरी एकदाही तुटली नाही. मामा मागून येत होता. तो कौतुकाने म्हणाला, "शिकली म्हणायची रे पोरं! भुरीसुद्धा कशी शहाण्यासारखी चाललीय." भुरी म्हणजे चौघांतली सर्वांत लहान. ते ऐकून पिंगलला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सांगून टाकावे असे त्याच्या मनात आले, पण तेवढ्यात कड्याची वाट सुरू झाली आणि तिथे नजर पायाखालून हलवायची सोय नव्हती.

अर्ध्या वाटेवर भुरीचा मागचा पाय निसरड्यावरून सरकला. ती गुडघ्यावर आली, एवढेच; क्षणभरात उठलीही असती. पण पुढचे खेचर घाबरून पुढे धावले, मागचे बिचकून मागे सरले आणि चऱ्हाट काही तुटेना! दोन्हीकडून ओढ बसून भुरी तिरपी झाली आणि कडेकडे सरकू लागली. तिच्यामागोमाग बाकीचीही घसरू लागली. पिंगल पुढच्याच्या गळ्याला लोंबकळून "मामा! मामा!" असा ओरडत राहिला.

बोधिसत्त्व कड्याच्या भिंतीच्या बाजूने घुसला. त्याने आधी मागची दोरी कापली, मग पुढची. मोकळी झालेली भुरी जिवाच्या आकांताने भिंतीकडे उसळली आणि उभी राहिली. पण तिचे खोगीर आणि कातळ यांच्यामध्ये बोधिसत्त्वाचा उजवा हात चिरडला गेला.

खेचरे शांत झाल्यावर त्याने कापलेल्या दोरीचे टोक उचलून पाहिले. वर गवत, आत चऱ्हाट. पिंगलने त्याच्या पायावर डोके ठेवले. "मारा मला, मामा. इथून खाली ढकलून द्या."

"तुला मारून हा हात जुळणार असेल तर सांग," बोधिसत्त्व वेदनेने पांढरा पडला होता, पण आवाज तोच होता. "ऊठ. गवत उपट आणि दोरी वळ. माझा एकच हात उरलाय."

पिंगल कातळाच्या फटीतले सुके गवत उपटून वळू लागला. इतक्यात पहिला बर्फ भुरभुरू लागला.

"मामा, बर्फ आला!"

"दिसतोय मला. नीट पीळ घाल."

उरलेल्या वाटेवर दोरी पुन्हा पुन्हा तुटली. प्रत्येक वेळी पिंगल थांबला, खेचराच्या मानेवर हात फिरवला आणि पुन्हा बांधली. आतून तो नुसता जळत होता, तरी थांबला. खिंड पांढरी व्हायच्या आत चारही खेचरे पलीकडे उतरली.

"किती रे वाट बघायला लावलीस, मेल्या!" म्हणत सोमा धावत आली आणि मामाचा हात बघून जागीच थबकली. काय घडले, ते पिंगलने सगळ्या गावासमोर आपल्याच तोंडाने सांगितले. पेरणी झाली, गाव राहिले. बोधिसत्त्वाचा हात मात्र पुन्हा कधी सरळ झाला नाही, आणि त्याने त्याचा उच्चार केला नाही.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, सांगितली ती एका उतावळ्या भिक्षूला. आपल्या नव्या शिष्याला लवकर सिद्धी मिळावी म्हणून त्याने त्या बिचाऱ्यावर उपवास, जागरण, मौन सगळे एकदमच लादले होते, आणि तो शिष्य तापाने फणफणून पडला होता.

शास्ता म्हणाला, "भिक्षू, त्या वेळचा पिंगल म्हणजे तू. सोमा म्हणजे आज विहाराला धान्य देणारी उपासिका. भुरी म्हणजे तुझा तो आजारी शिष्य. आणि मामा होतो मी."

भिक्षूच्या डोळ्यांत पाणी आले. तो रुग्णशाळेकडे धावायला निघाला.

"चालत जा," शास्ता म्हणाला. "त्याचा नुकताच डोळा लागलाय. तो जागा होईपर्यंत शेजारी नुसता बसून राहा. क्षांती, धीर म्हणतात तो हाच."