सात पोथ्या आणि कोरडा ओढा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. मी ऐकली तेव्हाही ती जुनीच होती.

एका डोंगराच्या कुशीत एक वस्ती होती. शंभरेक घरं, एक ओढा आणि ओढ्याकाठी देवीचं देऊळ. वस्तीच्या प्रमुखाला सगळे 'थोरला' म्हणत. तिथली एक रीत होती. थोरला म्हातारा झाला, की त्यानं आपल्या हातानं एक पोथी लिहायची. कारभार करताना काय पाहिलं, कुठे चुकलो, कशाचा पस्तावा झाला, ते सगळं त्यात उतरवायचं आणि पोथी देवळात नेऊन ठेवायची.

रीत चांगलीच होती. पण चांगल्या रीतीचंही माणसं काय करतील, सांगता येत नाही. पोथी देवळात आली, की तिला लाल फडक्यात बांधत. दर दसऱ्याला तिच्यावर हळद-कुंकू वाहत, झेंडूची माळ घालत. नवा थोरला गादीवर बसताना तिच्यावर डोकं टेकवी. उघडत मात्र कोणी नसे. देवाघरची वस्तू, तिला हात कसा लावायचा?

अशा सात पोथ्या जमल्या. सातही जणांनी मन लावून लिहिलं आणि एकानंही आधीच्याची ओळ वाचली नाही.

आठवी आली ती एक बाई. सातव्या थोरल्याला एकच लेक, म्हणून गादी तिच्याकडे गेली. वय सव्वीस, तरी तिला म्हणायचं थोरलीबाई. बाई मोठी धडाडीची. निर्णय घ्यायला तिला वेळ लागत नसे आणि लोकांना तेच आवडे.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. विहिरी आटल्या. ओढ्यात नुसती वाळू उरली. थोरलीबाईनं दवंडी पिटवली, "परवा सकाळी घाट उतरून खालच्या मुलखात जायचं. सामान बांधा."

घाट म्हणजे तीन दिवसांची चाल. वस्तीत अकरा म्हातारी माणसं अशी होती, की त्यांना चार पावलंही चालवत नव्हतं. ओझं वाहील असा धड बैल एकच राहिला होता. त्यावर फार तर दोघं बसली असती. उरलेल्या नऊ जणांचं काय, हे कोणी विचारत नव्हतं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी पहाटे देवळाचा म्हातारा पुजारी तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"थोरलीबाई, बैल पोथ्यांसाठी द्या."

"पोथ्यांसाठी? आणि माणसांचं काय, बाबा?"

"आम्ही आज आहोत, उद्या नाही. मी तर देवीपाशीच बसणार आहे. पण त्या पोथ्यांत सात थोरल्यांचं शहाणपण आहे. ते मागं टाकून जाऊ नका."

"काय शहाणपण आहे त्यांत?"

पुजारी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला वाचता येत नाही, बाई. चाळीस वर्षं पूजा केली, पण आत काय लिहिलंय ते मला माहीत नाही."

थोरलीबाईला आधी राग आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. तिला तर वाचता येत होतं. तिनंही पोथ्यांवर डोकं टेकवलं होतं आणि उठून कामाला लागली होती.

"चला," ती म्हणाली, "ज्यांच्यासाठी माणसं मागं ठेवायची, त्या निदान बघू तरी."

देवळात फडकी सोडली तर कुंकवानं पानं एकमेकांना चिकटली होती. पहिल्या पोथीची तर सुटेनातच, म्हणून ती बाजूला ठेवून थोरलीबाई बाकीच्यांची पानं बांबूच्या कामटीनं एकेक सोडवत मोठ्यानं वाचू लागली. दुसऱ्या थोरल्यानं लिहिलं होतं, 'दुष्काळात मी वस्ती हलवली. घाटात नऊ माणसं गेली, त्यांत माझी आई. महिन्यानं परत येऊन बघतो तर ओढ्याकाठचे उंबर फळांनी लगडलेले आणि त्यांच्या बुडाशी रानडुकरांनी वाळू उकरून पाणी काढलेलं. आम्ही उगाच गेलो.'

थोरलीबाई उठलीच. "ठरलं तर. जायचं नाही."

"अजून पाच पोथ्या आहेत, बाई," पुजारी म्हणाला. ती ओशाळली आणि पुन्हा बसली.

पाचव्यानं लिहिलं होतं, 'दुष्काळात मी वस्ती हलवली नाही. पाणी लागेल म्हणत राहिलो. चौदा माणसं तहानेनं गेली. उंबरसुद्धा वाळले होते. रोज त्यांच्या खालून जात होतो, पण मान वर करून पाहिलं नाही.'

थोरलीबाईनं दोन्ही पोथ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "एक म्हणतो जाऊ नका, दुसरा म्हणतो थांबू नका. खरं कोणाचं मानायचं?"

"दोघांचंही खरं असेल," पुजारी विचार करत म्हणाला. "ज्याचं त्याचं वर्ष वेगळं. आपलं वर्ष कसं आहे?"

"ते उंबर सांगतील," ती म्हणाली आणि तडक ओढ्याकडे निघाली.

खालचे दोन उंबर वाळून गेले होते. वरच्या वळणावरचा तिसरा मात्र हिरवागार होता आणि त्याच्या बुंध्यावर फळांचे घोस धरले होते.

थोरलीबाईनं वस्ती गोळा केली. बांधलेली गाठोडी घेऊन लोक वैतागून उभे होते. ती म्हणाली, "मी न वाचता, न बघता हुकूम दिला. माझं चुकलं. मला एक दिवस द्या. पाणी लागलं नाही तर उद्या निघू, पण अकरापैकी एकालाही मागं ठेवणार नाही. पाठीवर घेऊन जाऊ. पहिली पाठ माझी."

प्रमुखाच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द वस्तीनं पहिल्यांदाच ऐकला. एकानं गाठोडं खाली ठेवलं आणि कुदळ उचलली. दुपार टळली तेव्हा हिरव्या उंबराखाली, दोन माणसांच्या उंचीइतक्या खोल खड्ड्यात वाळू ओली लागली. सूर्य मावळायच्या आत घोटाभर पाणी साचलं. पहिली ओंजळ त्या अकरा जणांना मिळाली.

वस्ती तगली. पुढच्या वर्षी पाऊसही झाला. पोथ्यांची फडकी सुटली ती सुटलीच. दर आठवड्याला देवळात वाचन होऊ लागलं, त्यावर वाद होऊ लागले आणि थोरलीबाई निर्णय देण्याआधी ते ऐकू लागली.

पुजाऱ्यानं मात्र हट्ट धरला, की मलाही अक्षरं शिकवा. सत्तरीत तो धुळाक्षरं गिरवू लागला. वर्षभरानं त्यानं पहिल्या थोरल्याची, तोवर चिकटूनच राहिलेली पोथी मांडीवर घेतली, धीरानं पहिलं पान सोडवलं आणि बोट ठेवून, अडखळत, पहिली ओळ लावली.

'माझ्यामागून येणाऱ्या, आधी हे वाच.'

त्याच ओळीवर त्यानं चाळीस वर्षं कुंकू वाहिलं होतं. म्हातारा ढसाढसा रडला, मग डोळे पुसून त्यानं दुसरी ओळ वाचायला घेतली.

बोध: पुस्तकापुढे डोकं टेकवून कोणी शहाणं होत नाही, जो ते उघडून वाचतो आणि त्यावर विचार करतो, तोच स्वतः वाढतो आणि चार जणांना सोबत घेऊन जातो.