बाकड्याची वरात

“नवी कचेरी झाली की जुनं लाकूडसामान…” शिपाई गेनूभाऊंचं पुढचं बोलणं वाऱ्यावर गेलं. गोष्ट फार मागची. जुन्या कचेरीच्या ओसरीवरलं सागवानी बाकडं धसकलंच.

“चुलीत!” लोखंडी कपाट खिदळलं. “बाकडेराव, आता तुमची राख!”

नव्या कचेरीत हात असलेल्या सुट्या खुर्च्या आल्या. पण कामासाठी लांबून येणाऱ्या बायकांची रीत वेगळी. खेटून बसायचं, मध्ये भाकरीचं फडकं सोडायचं, अनोळखी बाईलाही “घे गं” म्हणायचं. खुर्च्या सोडून त्या सगळ्या फरशीवर बसल्या.

तहसीलदारसाहेब ओरडले, “गेनूभाऊ, आधी ते बाकडं आणा!”

जुनी टेबलं खरंच चुलीत गेली. बाकडं मात्र चौघांच्या खांद्यावरून, बायकांच्या टाळ्या घेत, थेट साहेबांच्या दारासमोर ऐटीत जाऊन बसलं.