काळ्या पट्ट्याचा शेजार

फार वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत, वीज सोडलेल्या, विरळ हवेच्या काचनळीत गुलाबी उजेड राहत असे. शेजारीच एक काळा पट्टा होता. उजेडाला त्याची लाज वाटे.

एकदा तो नळीतली हवा उपसणाऱ्या पंपाला म्हणाला, "दादा, थोडी हवा आत सोड. हा काळा आकसून जाईल."

काळा पट्टा कळवळला. "अरे, माझ्या मोकळ्या जागेत धावूनच इलेक्ट्रॉन वेग घेतात. म्हणून तर ते हवेच्या कणांवर आदळले की तू उजळतोस."

"तू मला उजळायला शिकवू नकोस!"

पंपाने हवा सोडली. काळा पट्टा केसाएवढा उरला. उजेड हसला. पण हवेच्या कणांच्या त्या गर्दीत इलेक्ट्रॉन पावलोपावली अडखळू लागले. उजेड फिकटला, घाबरून ओरडला, "काळ्या, पुन्हा मोठा हो रे!"

काळ्याने अंग ताणून पाहिले. त्याला हलायलाही जागा नव्हती.

थोड्याच वेळात नळीत दोघांपैकी कोणीही उरले नाही.