सात मोजणारा पेटीबुवा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तांबडखिंडीला गाडीरस्ता नव्हता आणि मीठसुद्धा बैलाच्या पाठीवरून यायचं, तेव्हाची ही गोष्ट. नेमकं साल विचारू नका. विचारलंत तर गावात दोन तट पडतील आणि गोष्ट राहील बाजूला.

माघ महिन्यात एक माणूस खिंड उतरून गावात आला. पाठीवर लाकडाची पेटी, काखेत तीन लांब काठ्या, खांद्यावर काळं कापड. पेटी बघून गावाला वाटलं, भजनी बुवा आला. लगेच देवळात सतरंजी अंथरली, टाळ निघाले, मंडळी मांडी घालून बसली. त्यानं पेटी तीन काठ्यांवर उभी केली, आपलं डोकं काळ्या कापडात खुपसलं आणि गप्प राहिला. बराच वेळ झाला तरी पेटी वाजेना. मंडळी टाळ घेऊन परत गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पेटीबुवा. त्याचं खरं नाव कोणी विचारलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

पेटीबुवा फोटो काढायचा. आता गावानं फोटो पाहिला होता तो एकच, तालुक्याच्या कचेरीत टांगलेला, कुणा मिशीवाल्या साहेबाचा. साहेबाच्या अंगात कोट होता. तेव्हा फोटो म्हणजे कोट, हे गावाला पक्कं ठाऊक. अख्ख्या तांबडखिंडीत कोट एकच, धोंडजी पाटलाचा, तोही कोपरावर उसवलेला. त्या आठवड्यात तो कोट घरोघर फिरला. न्हावी कोट घालून आला, गुराखी कोट घालून आला, गुरवानं तर सोवळ्यावर कोट चढवला, असं म्हणतात.

पेटीबुवा म्हणाला, "कोट काढा आणि आपापलं रोजचं काम करा."

"कामाचा कुटं फोटू असतोय व्हय?" पाटील म्हणाला. "म्हस धुताना माणसात काय बघायचंय?"

"ते मलाही अजून कळलं नाही," पेटीबुवा म्हणाला. "म्हणून तर काढतोय."

पाटलानं आपला कोट उचलला. गावानं त्याला वेड्यात काढलं. पण माणूस निरुपद्रवी होता, देवळाच्या ओसरीवर झोपायचा, मिळेल ती भाकरी खायचा, म्हणून त्याला राहू दिलं. तो गल्लीगल्लीत पेटी मांडी. कोणी जात्यावर असे, कोणी नांगराचा फाळ ठोकत असे. तो म्हणे, "आता आहात तसे थांबा." मग मोठ्यानं सात मोजी. सात होईपर्यंत हलायचं नाही. जुन्या पेट्या तशाच होत्या, त्यांना चित्र धरायला वेळ लागायचा. माणसं थांबत, म्हशी थांबत नसत. गावात हसून हसून पुरेवाट झाली.

आणि एक गंमत सांगतो. तो सगळ्यांकडे बघायचा. गाव मात्र पेटीकडे बघायचं. पेटीची ती वाटोळी काच दिसली की जो तो आपलं मुंडासं सारखं करी आणि आपल्याच तोंडाच्या काळजीत पडे.

गावाच्या टोकाला झेलाबाई कुंभारीण राहायची. नवरा वारला होता, पदरात सहा वर्षांची एकच पोर, ठकू. ठकू म्हणजे पायाला भिंगरी. ती एका जागी बसलेली कोणी बघितली नव्हती. जेवायचीही फेऱ्या मारत, असं म्हणतात. पेटीबुवा झेलाबाईच्या अंगणात आला तेव्हा ती मडकं थापत होती. तिनं थापटणं हवेत धरलं आणि ती थांबली. शेजारी ठकूही थांबली. एक, दोन, तीन. चारला कोंबडीचं पिल्लू पायातून पळालं, आणि ठकू त्याच्यामागं.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. झेलाबाई स्वच्छ आली होती, मडक्यावरची बोटंसुद्धा मोजून घ्यावीत. ठकूचे मात्र दोन पाय तेवढे दिसत होते. परकराच्या वर नुसता पांढरा धूर. तोंड नाही, हात नाही.

हलल्यामुळं असं होतं, हे पेटीबुवानं सांगितलं. पण ते ऐकायला कोण थांबतंय? गावात येसाआत्या नावाची एक म्हातारी होती, तिच्या शब्दाबाहेर बायका जात नसत. तिनं फोटो उलटा धरला, सुलटा धरला आणि कपाळाला हात लावला. "झेले, पोर धूर झाली गं तुझी. निम्मी गेली, पाय तेवढं ऱ्हायलेत."

त्याच संध्याकाळी ठकूला ताप भरला. दिवसभर ओढ्यात खेळली होती, भरणारच. पण आता कोणाला ओढा आठवतो?

मग उपाय सुरू झाले. दुखणं फोटोतलं, म्हणून उपायही फोटोवर. येसाआत्यानं मीठ-मोहरी फोटोवरून ओवाळली. फोटोसमोर दहीभात ठेवला. शेवटी, लेकराला लावतात तशी फोटोला हळद आणि तेल लावलं, चांगलं चोळून. झालं! धूर होता तोही गेला, पाय गेले, झेलाबाईही गेली. उरला एक पिवळा कागद. बायका कागदाकडे बघत बसल्या. आता बरं झालं की वाईट, हे येसाआत्यालाही सांगता येईना.

खरं संकट वेगळंच होतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पण ठकू जेवेना. तोंडाशी घास नेला की मान फिरवी. झेलाबाईनं पेज केली, गूळ दिला, मारलं, पाया पडली. पोर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मी धूर झालेय. धुराला भूक लागती व्हय?"

मोठी माणसं बोलतात आणि विसरतात. लेकरं ऐकतात आणि धरून बसतात. पाच दिवस पोरीनं अन्न घेतलं नाही. डोळे खोल गेले, हाताच्या काड्या झाल्या. आपण खरोखरच विरघळतोय, असं तिला वाटू लागलं, आणि दिसतही तसंच होतं. झेलाबाईचं काळीज फाटायचं तेवढं राहिलं.

सहाव्या दिवशी ती देवळाच्या ओसरीवर आली. पेटीबुवासमोर तिनं पदर पसरला. "तुमी धूर केलाय, तुमीच पोरगी करा. न्हाईतर त्या पेटीत मला बी घाला."

पेटीबुवा उठला. चित्र जिच्यावर उमटतं ती फोटोची काच त्याच्याजवळ आता एकच उरली होती. दुसरी आणायची तर पंधरा दिवसांची वाट, आणि ठकू चार दिवसही काढेल असं दिसत नव्हतं. एकच काच, एकच संधी. पोर हलली की संपलं.

भर दुपारी ठकूला वाकळेत गुंडाळून चौकात आणलं. पिंपळाच्या बुंध्याला टेकवून बसवलं. पेटीबुवानं पेटी मांडली आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "ठकूताई, सात मोजेपर्यंत थांबशील?"

ठकूनं चौकात नजर फिरवली. न्हाव्याचा वस्तरा चालू होता, लोहाराचा घण चालू होता, बायका पाणी नेत होत्या, दोन जावा आडावर भांडत होत्या.

"समदी हलत्यात," ती बारीक आवाजात म्हणाली. "मग मीच का थांबू? समदी थांबू दे, मग थांबते."

पेटीबुवानं गावाकडे बघितलं. गावानं एकमेकांकडे बघितलं. लेकराची अट ती काय, आणि गाव ते केवढं! पण झेलाबाई मधे उभी होती, आणि तिच्याकडे बघून नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. पाटील म्हणाला, "थांबा रं समदी. हाय तितं."

पेटीबुवानं डोकं कापडाबाहेर ठेवलं, हात वर केला आणि मोजलं. एक.

न्हाव्याचा वस्तरा पाटलाच्या गालावर थांबला. दोन. घण हवेत राहिला. तीन. जावांची भांडणं तोंडातल्या तोंडात राहिली, एकीचं बोट दुसरीच्या नाकासमोर. चार. इथंच मागच्या वेळी पिल्लू पळालं होतं. या वेळी पिल्लू एक पाय उचलून उभं राहिलं. पाच. म्हशींनी रवंथ थांबवलं. पिंपळाचं पान हलेना, आणि पिंपळाचं पान न हलणं म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. सहा. चुलींचा धूर छपरांवर उभाच राहिला आणि ओढ्याचा आवाज बंद पडला, असं म्हणतात. मोजणारा सोडला तर सगळ्या तांबडखिंडीत झेलाबाईचे ओठ तेवढे हलत होते, आणि ते देवाशिवाय कोणाला दिसले नाहीत.

सात.

ओढा वाहू लागला, जावा भांडू लागल्या. पेटीबुवानं झेलाबाईच्या अंधाऱ्या खोलीत काच धुतली, वाळवली, तिला कागद लावून उन्हात धरला. कलत्या उन्हात त्यानं तो कागद ठकूच्या हातात दिला.

ठकू बघत राहिली. फोटोत पिंपळाखाली एक पोर होती. तिला तोंड होतं, दोन हात होते, नाकातला शेंबूडसुद्धा होता. तिनं आपलं नाक चाचपलं, मग फोटोतलं चाचपलं.

"आई, मी हाय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "भाकरी हाय का?"

झेलाबाई रडली, येसाआत्या रडली, पाटील दुसरीकडे तोंड करून रडला. मग फोटोवर उडी पडली. जो तो आपलं तोंड शोधू लागला. "ह्यो मी!" "सरक, ह्यो मी!" पुष्कळ वेळानं झेलाबाईनं वर बघितलं. पेटीबुवाच्या पाया पडायचं राहिलं होतं. पेटी नव्हती, कापड नव्हतं, पेटीबुवा नव्हता.

चार गडी खिंडीकडे धावले. पलीकडच्या वाडीत त्यांनी विचारलं, "आमचा माणूस इकडून गेला का?"

"नाव काय? कसा दिसतो?" वाडीवाल्यांनी विचारलं.

नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. एक म्हणाला उंच, दुसरा म्हणाला बुटका. तिसरा म्हणाला दाढी होती, चौथा म्हणाला छे. पेटीची लांबी-रुंदी मात्र चौघांनीही बिनचूक सांगितली. वाडीवाले हसले. चौघं मान खाली घालून परत आले.

तो फोटो आजही देवळात आहे. पण त्या फोटोनं माझा गोंधळच वाढवलाय. ठकूच्या शेजारी एक माणूस उभा आहे, खांद्यावर काळं कापड, पाठमोरा, ठकूकडे वाकलेला. तो गावातला नाही. तो पेटीबुवा म्हणावा, तर पेटीमागं कोण होतं? आणि नाही म्हणावं, तर तो कोण? मी सत्तर वर्षं विचार करतोय.

ठकू पुढं म्हातारी झाली, पणतवंडं पाहिली. तिला लोक विचारत, "आजी, तुमी तर त्याच्या समोर व्हता. कसा दिसायचा वो?" ती म्हणे, "नाक-डोळं न्हाई सांगता यायचं. पर सात म्हणेस्तवर त्यानं पापनी बी लवू दिली न्हाई. माझ्यापरीस त्योच जास्त भ्याला व्हता." 

तिनंच ही रीत घातली. माघातल्या त्या दिवशी भर दुपारी चौकात घंटा होते आणि कुंभाराच्या घरातलं कोणी मोठ्यानं सात मोजतं. तेव्हा अख्खं गाव असेल तिथं थांबतं. चहाचा कप ओठाशी थांबतो, मोटारसायकलवाला पाय टेकून उभा राहतो, मोबाइल कानाला लागून गप्प होतो. आणि सात होईपर्यंत समोर जो असेल त्याच्या तोंडाकडे नीट बघायचं. भाऊबंदकी असली तरी, बोलणं बंद असलं तरी. उद्या तो खिंड ओलांडून गेला आणि कोणी विचारलं कसा दिसतो, तर सांगता आलं पाहिजे.

परवाच्या माघात माझ्यासमोर माझा धाकटा भाऊ आला. बांधावरून अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. चारपर्यंत मी रागानं बघितलं. पाचला दिसलं, त्याच्या भुवया पिकल्यात, आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

सात झाले, पण आम्ही दोघंही हललो नाही.