नवव्या मजल्यावरचं कुत्रं

“मग काय करू मी? सुई देऊन मारून टाकू याला?”

भिवाबा मासाळ मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा पुण्याहून गाडी चालवत आला होता. विक्रांत सबनीस त्याचं नाव. हातात पट्टा, पट्ट्याला काळंपांढरं कुत्रं. बॉर्डर कोली. परदेशात मेंढ्या वळायला ठेवतात, ती जात. कुत्रं पट्टा ताणून उभं होतं. समोर कापणी झालेल्या रानात शंभरएक मेंढ्या चरत होत्या, आणि त्याची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

भिवाबा सत्तरी उलटलेले धनगर. आजूबाजूचे लोक अडलेली जनावरं त्यांच्याकडे आणत. बरेचसे बोलणी खाऊन परत जात.

“सुई कोन म्हनालं?”

“सोसायटीवाले. दुसरीकडे पाठवा, नाहीतर कायमचा बंदोबस्त करा म्हणतात. चार मुलांच्या टाचा दातात धरल्या यानं. माझ्या मुलीचीसुद्धा. मुलं खेळायला लागली की हा भोवती फिरतो, कोपऱ्यात गोळा करतो. कुणी पळालं की टाच धरतो.”

“दिसभर काय करतंय?”

“घरीच असतो. आम्ही दोघं नोकरीला. पंख्याची सावली फिरते ना भिंतीवर, तिच्याकडे बघत बसतो. तासन्‌तास. भिंत चाटून चाटून गिलावा काढलाय.”

भिवाबांचा हात थांबला.

“आन तू काय करतोस त्येच्यासाठी?”

“मी? सगळं करतो. परदेशातून मागवलेलं खाणं. आम्ही नसताना एसी चालू. बावीस आज्ञा शिकवल्यात. स्पर्धेत तीनदा पहिला आलाय. विचारा कुणालाही.”

“मी तुलाच इचारलं.”

विक्रांतचा चेहरा लाल झाला. बोलणी खायला तो इतक्या लांब आला नव्हता.

“आबा, हा तुमच्या कामाचा आहे. मेंढ्या वळणं याच्या रक्तात आहे. ठेवून घ्या. बघा तर खरं.”

“सोडू नको त्येला.”

“बघा तर...”

“सोडू नको म्हनलं.”

विक्रांतने पट्टा सोडला.

कुत्रं बाणासारखं गेलं. वळसा नाही, थांबणं नाही. ते थेट कळपात घुसलं. कळप मधोमध फाटला. निम्म्या मेंढ्या रस्त्याकडे पळाल्या, निम्म्या बांधाकडे. विक्रांत ओरडत होता. बस. थांब. इकडे ये. बावीसच्या बावीस आज्ञा ओरडून झाल्या. कुत्र्याने एकही ऐकली नाही.

एक गाभण मेंढी बांधावरून ओढ्यात पडली.

भिवाबा खाली उतरले. त्यांनी तिला उचलून वर आणलं, बांबूच्या दोन चिपा लावल्या, धोतराचा काठ फाडून पाय बांधला. मग तोंडाने एक लांब आवाज काढला, आणि पांगलेल्या मेंढ्या हळूहळू त्यांच्याकडे यायला लागल्या.

कुत्रंही आलं. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलतंय.

विक्रांतने पट्टा दुहेरी केला आणि हात उगारला.

भिवाबांनी ते मनगट हवेतच धरलं.

“मेंढीचा पाय कुनी मोडला?”

“यानं. दिसलं नाही तुम्हाला?”

पकड घट्ट झाली.

“कुनी मोडला?”

“सांगितलं ना, कुत्र्यानं.”

“कुनी?”

विक्रांतने हात सोडवून पाहिला. सुटला नाही. मेंढी कण्हत होती. कुत्रं दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होतं...

“मी,” तो म्हणाला.

भिवाबांनी हात सोडला. मेंढीला बांधाच्या सावलीत निजवलं. खांद्यावरचं लांब दावं काढून त्याचं एक टोक कुत्र्याच्या गळपट्ट्यात अडकवलं. दुसरं टोक त्यांनी विक्रांतच्या कमरेला बांधलं. गाठ अशी आवळली की त्याचा श्वास अडला.

“चल.”

“कुठे?”

“तळ्यावर. मेंढरांस्नी पानी पाजायचं हाय. त्येनं मान वळवून तुज्याकडं बगितलं, तर एक पाऊल टाकायचं. न्हाई बगितलं, तर हुबा ऱ्हा.”

“आणि बघितलंच नाही तर?”

“तर हुबा ऱ्हा.”

तळं समोर दिसत होतं. चालत दहा मिनिटांचं.

पहिला तासभर विक्रांत दहा पावलंही चालला नाही. कुत्रं मेंढ्यांकडे झेपावे, दावं कमरेत रुते. त्याने हाक मारायला तोंड उघडलं की भिवाबा काठी आपटत. “बोलू नको. लई बोललास त्येच्याशी.” ऊन डोक्यावर आलं. उभं राहून बुटात पाय आंबले. एकदा तो खाली बसला.

“ऊठ,” भिवाबा म्हणाले. “ते हुबं हाय.”

तो शिव्या देत उठला.

मग कधीतरी कुत्र्याने मान वळवली. क्षणभरच. विक्रांतने पाऊल टाकलं. कुत्रं चपापलं. त्याने पुन्हा वळून पाहिलं. पुन्हा एक पाऊल... मेंढ्या पुढे सरकत होत्या. कुत्रं आता अंग जमिनीलगत ठेवून त्यांच्या मागे चालत होतं आणि दर थोड्या वेळाने मागे बघत होतं. हा माणूस आपल्याबरोबर आहे ना, याची खात्री करून घेत होतं.

तळ्यावर पोचायला दुपार कलली.

मेंढ्या पाणी प्यायल्या. कुत्रंही प्यायलं, आणि बाभळीखाली विक्रांतच्या पायावर हनुवटी टेकवून ते झोपलं. गाढ. विक्रांत त्याच्याकडे बघत राहिला. घरी ते असं झोपलेलं त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

“आबा,” त्याचा आवाज बसला होता, “याची जागा इथंच आहे. खरंच ठेवून घ्या. सुखात राहील.”

भिवाबांनी काठी इतक्या जोरात जमिनीवर मारली की दोन मेंढ्या उडाल्या.

“सुखात? माजी कुत्री रातच्याला लांडग्यापासनं राखन करत्यात. मेंढरं मी वळतो, तोंडानं. ह्येचं काम मला ठावं न्हाई. तू गेलास की हे मागं बगायचं कुनाकडं? परत कळपात घुसंल. आन एक दिस माजाच पोरगा काठी घालंल त्येच्या डोक्यात. तुजी सुई माज्या हातनं द्यायला आलास व्हय?”

विक्रांतने दाव्याची गाठ सोडायला बोटं लावली, आणि तशीच राहू दिली.

“मी याला रोज चालवीन,” तो म्हणाला. “पहाटे उठून. संध्याकाळीसुद्धा. पण नुसतं चालून भागणार नाही, ते कळलं मला. याला काम हवं. आणि माझ्याकडे मेंढ्या नाहीत, आबा. नवव्या मजल्यावर मी मेंढ्या कुठून आणू?”

भिवाबांनी त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. त्यांचा राग अजून उतरला नव्हता.

“न्हाईत कशी? तू हायेस की. तळ्यापतूर कुनी वळत आनलं तुला?”